मुका सायलेन्सर

३ जानेवारी

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने.

एक. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, केबिनमध्ये मागेही आसन असलेली एक जुनी पिकअप आहे. ती श्रवणचाचणीचा ट्रेलर ओढते. ट्रेलरमध्ये जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारी खोली आहे. ती घेऊन मी कारखान्यांत आणि शाळांत जाते आणि तिथल्या माणसांचे कान तपासते. विद्यापीठात मी आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरचा हा उद्योग माझा स्वतःचा आहे.

दोन. माझी मुलगी, जिला घरात सगळे चिंगी म्हणतात, या कामात माझी मदतनीस आहे. तिला सहावा महिना चालू आहे. पहिल्या खेपेस चौथ्या महिन्यातच सारे संपले होते. त्या वेळी ती, जावई नोकरी करतात त्याच छापखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात काम करीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होतं कधीकधी." हे कारण नव्हे, कारण न शोधण्याची सबब आहे. कारण मला ठाऊक आहे.

तीन. या सुमारास गर्भाला ऐकू येऊ लागते. बारीक, चिरके आवाज बाहेरच अडतात. खोल, घुमणारे आवाज पोटातून सहज आत जातात.

चार. पिकअपचा सायलेन्सर गंजून फुटला आहे. ट्रेलर जोडून चढाला लागले की केबिन पिंपासारखी घुमते.

पाच. मला भीती वाटते. असली वाक्ये मी एरवी लिहीत नाही. परंतु हीदेखील वस्तुस्थिती असल्यामुळे तिची नोंद केली पाहिजे.

६ जानेवारी

आज मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली आणि मी जणू दागिने घ्यायला आले आहे अशा थाटात चकचकीत नळकांडी समोर मांडली.

"हा बघा मॅडम. हा लावला ना, की चार गल्ल्या आधी कळतं कोण येतंय ते."

"मला कुणाला कळायला नको आहे."

"अगदीच नको?"

"अगदीच. आणि गाडी मागे वजन ओढते. चढावर हा किती घुमेल?"

"घुमेल ना! मस्त घुमेल."

मी उठले. विकणाऱ्याला आपल्या मालाचा दोष हाच गुण वाटत असेल, तर संभाषण लांबवण्यात अर्थ नसतो.

घरी येऊन जे वाचले त्याचे सार असे. आत आडव्या भिंती घालून कप्पे केलेला सायलेन्सर आवाज चांगला दाबतो, पण इंजिनाचा श्वासही कोंडतो. वजन ओढणाऱ्या गाडीला ते मानवत नाही, इंजिन तापते. सरळ नळीभोवती काचेची लोकर भरलेला सायलेन्सर श्वास मोकळा ठेवतो, मात्र आखूड असेल तर खोल घुमणारा आवाज तसाच राहतो. म्हणून मला लोकर भरलेलाच, पण लांब आणि पोट मोठे असलेला हवा. निर्णय झाला. एवढ्यासाठी बाजारातल्या कोणाचे मत घेण्याची मुळात गरजच नव्हती.

चिंगी म्हणाली, "आई, एवढं काय त्यात? कानात कापूस घालून बसेन मी."

"आणि बाळाच्या कानात कोण घालणार?"

ती हसली. मला हसू आले नाही.

९ जानेवारी

सायलेन्सर बसवणारा मिळाला. पुलाजवळच्या गॅरेजमधला हा मनुष्य इतक्या मोठ्याने बोलतो की सारी आळी त्याला भोंगा म्हणते, आणि तोही त्या नावाला ओ देतो. मला हवा तो सायलेन्सर त्याच्याकडे होता. तो पाहून मी समाधानी झाले. त्याचे बोलणे ऐकून मात्र दोन पावले मागे सरले.

प्रश्न होता तो धुराच्या पाइपाचे तोंड कुठे काढायचे याचा. जुना पाइप गाडीच्या अगदी मागे निघतो. त्याच्या मागे हातभर अंतरावर ट्रेलरची पुढची भिंत आहे, सपाट आणि टणक. पाइपातून निघालेला आवाज त्या भिंतीवर आपटतो आणि केबिनच्या मागच्या काचेकडे परततो. चिंगी मागच्या आसनावर पाय वर घेऊन आडवी होते. म्हणजे तो आवाज थेट तिच्या पाठीशी येतो. हे सारे मी कागदावर रेघा ओढून भोंग्याला समजावले आणि पाइप मधेच, केबिनच्या खाली, जमिनीकडे तोंड करून सोडायला सांगितले. जमीन आवाज पिते.

"म्हणजे मागपर्यंत न्यायचाच नाही?" तो ओरडला. "भारीच की! पाइप वाचला, वेल्डिंग वाचलं. मॅडम, तुम्ही आमच्या धंद्यात यायला पाहिजे होतं."

अनधिकारी माणसाच्या स्तुतीला मी किंमत देत नाही. तरी वाक्य येथे उतरवले आहे.

१२ जानेवारी

बसवला. ध्वनिमापक मागच्या आसनावर, चिंगीच्या पोटाच्या उंचीला ठेवला आणि ट्रेलर जोडून चढ चढले. घुमणारा आवाज जवळजवळ नाहीसा झाला आहे. माझ्या अपेक्षेपेक्षाही आकडा खाली आला, आणि माझ्या अपेक्षा क्वचितच नम्र असतात.

जावई संध्याकाळी आले. छापखान्यातल्या यंत्रांनी ते थोडे बहिरे झाले आहेत आणि जन्मतःच थोडे विनोदी आहेत.

"आई, ही गाडी आहे की मांजर? अंगणात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नाही."

"तुम्हाला पत्ता नसणे हे मोजमाप नव्हे."

"खरंय तेही," असे म्हणून ते मनापासून हसले. चिंगीने त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. बाळ लाथा मारीत होते. मला ठेवायला सांगितले तेव्हा मी हात धुऊन आले, पण तोवर ते थांबले होते.

१४ जानेवारी

नव्या सायलेन्सरसह पहिली फेरी, डोंगरापलीकडच्या काचकारखान्यात. गार हवा होती म्हणून बाकी काचा बंद ठेवल्या. चिंगीला मळमळते म्हणून तिच्या डोक्यामागची सरकती काच चार बोटे उघडी होती, आणि इंजिन कानाने पारखता यावे म्हणून माझ्या बाजूची किंचित.

अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "आई, धुराचा वास येतोय गं."

भोंग्याने सांगितलेच होते की नव्या लोकरीचा आणि रंगाचा वास आठवडाभर येतो. शिवाय या दिवसांत बायकांचे नाक नको तितके तीक्ष्ण होते. तसे तिला सांगितले. ती "हं" म्हणाली आणि झोपली. इतकी गाढ झोपली की कारखान्याच्या फाटकाशी मला तिला दोनदा हलवावे लागले.

जुन्या सायलेन्सरच्या काळात ती वाटेत कधीही झोपली नव्हती.

१९ जानेवारी

शाळेच्या मुख्याध्यापिका चिंगीला म्हणाल्या, "काय तेज आलंय चेहऱ्यावर! गाल कसे लालबुंद!" चिंगी कसनुशी हसली. तिचे डोके दुखत होते. मुलांच्या चाचण्या चालू असताना तिला दोनदा बाहेर जाऊन ओकारी झाली. दुपारी मैदानात झाडाखाली बसली तेव्हा बरे वाटले.

परतताना ती पुन्हा म्हणाली, "वास आहेच."

मी गाडी थांबवली, उतरले, वाकून खाली पाहिले, हुंगले. रस्त्यावर ट्रकची रांग होती. धूर कोणाचा आणि कोणाचा नाही, हे सांगणे अशक्य होते. तिचे समाधान व्हावे म्हणून मागची काच आणखी उघडली.

२२ जानेवारी

आज चिंगीने जे सांगितले, त्याने मला आनंद व्हायला हवा होता.

"घरी नुसता धुमाकूळ घालतं. गाडीत बसलं की गप्प. अगदी गप्प. मजाच आहे."

म्हणजे आवाजाने दचकणे थांबले. हेच मला साधायचे होते. माझ्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष आणला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती.

तरीही मला आज परतताना गाडी नीट चालवता आली नाही. वारंवार आरशात पाहत होते. चिंगी झोपली होती, तोंड उघडे, एक हात आसनावरून खाली लोंबणारा. तिची छाती वरखाली होते आहे की नाही, ते कळेपर्यंत मी रस्त्याकडे पाहत नव्हते. पूर्वी मला तिचे कण्हणे, कूस बदलणे ऐकू येत नसे, कारण गाडी घुमत असे. आता केबिनमध्ये इतकी शांतता आहे की ऐकू यायलाच हवे. काहीही ऐकू येत नाही.

२५ जानेवारी

आज मी चूक केली. कारखान्यातल्या एका कामगाराच्या अहवालात डाव्या कानाचे आकडे उजव्याखाली लिहिले. चिंगीने पाहिले. माझ्या हातून असे कधी होत नाही. कपाळावर कोणी पट्टा आवळल्यासारखे दुखत होते आणि मनात सारखे भय, कशाचे ते सांगता येत नाही असे. ट्रेलरच्या खोलीत दार लावून बसले तर वाटले, बाहेर काहीतरी झाले आहे आणि मला ते ऐकू आलेले नाही. दार उघडले. चिंगी खुर्चीवर बसून संत्रे सोलत होती.

"काय गं आई?"

"काही नाही."

"तुझा पण चेहरा उतरलाय. आपण दोघी आजारी पडलोय का?"

मी विचार केला आहे. डोकेदुखी, मळमळ, अकारण भय: ही सारी लक्षणे कानाला न ऐकू येणाऱ्या अतिखोल कंपनांची असू शकतात. माझ्या मापकाला ती पकडता येत नाहीत. सायलेन्सर ऐकू येणारा आवाज खातो. त्याखालचे शिल्लक राहते. शत्रू नाहीसा झालेला नाही, केवळ माझ्या कानाखाली उतरला आहे.

२६ जानेवारी, सुट्टी

जावयांनी फोन केला.

"आई, एक विचारू? चिंगी आज ठणठणीत आहे. काल रात्री उशी तोंडावर घेऊन पडली होती, आज सकाळपासून गाणं म्हणतेय. गेल्या सुट्टीच्या दिवशीही तसंच."

"विश्रांतीने बरे वाटतेच."

"ते आहेच. पण म्हटलं, दोन-चार फेऱ्या तिला घरीच ठेवू या का?"

"आणि घरी तिच्याजवळ कोण असणार? तुम्ही?"

छापखाना त्यांना सुट्टी देत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी तसे विचारले.

तिला एकटे सोडणार नाही. पहिल्या खेपेस ती एकटी होती तेव्हाच ते झाले. माझ्या मागच्या आसनावर असली की निदान आरशात दिसते.

२९ जानेवारी

भोंग्याकडून मुख्य सायलेन्सरच्या पुढे आणखी एक लहान डबा बसवून घेतला. जागा अपुरी होती. त्याने दोन ठिकाणी पाइप कापून पट्ट्यांनी जोडला.

"आता तर गाडी मुकीच झाली मॅडम! सांभाळून हां, रस्त्यात लोकांना ऐकू नाही आली तर आडवी येतील."

"तुमचा आवाज ऐकून आधीच दूर झालेले असतील."

तो खो खो हसला. मला त्याचा राग येत नाही, याचेच आश्चर्य वाटले.

चिंगीने विचारले, "आई, उद्या मी पुढे बसू का तुझ्याशेजारी? मागे कसं कोंडल्यासारखं होतं."

मी तिला आकडे दाखवले. पुढचे आसन इंजिनाजवळ आहे. तिथे घुमणारा आवाज मागच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. ती कागदाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

२ फेब्रुवारी

रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर नीट नाही.

आज डोंगरापलीकडे पुन्हा जायचे होते. चढावर काम चालू असल्याने गाड्यांची रांग होती; आम्ही थांबत, सरकत, पुन्हा थांबत होतो. ट्रेलर मागे ओढत असल्याने इंजिनाला जोर लागत होता आणि तरी केबिनमध्ये केवढी शांतता होती. मी आरशात पाहिले. चिंगी झोपली होती, गाल लाल. दुसऱ्यांदा पाहिले, तशीच. माझे हात स्टिअरिंगवर जड झाले होते आणि डोळ्यांपुढे पांढरे ठिपके येत होते. म्हटले, भीती आहे, आवर स्वतःला.

माथ्यावर मोकळी जागा आली, तिथे गाडी थांबवली आणि हाक मारली. तिने उत्तर दिले नाही. मी मोठ्याने हाक मारली. मागचे दार उघडले तेव्हा तिचे डोके माझ्या हातावर कलंडले. माझ्या तोंडून आवाज निघत होता, तो कसला, हे मी वर्णू शकत नाही. रस्त्याच्या कामावरच्या दोन माणसांनी तिला उचलून मोकळ्या हवेत गवतावर निजवले आणि एकाने आपल्या मुकादमाच्या जीपमधून आम्हाला इथे आणले. वाटेत तिने डोळे उघडले. मला ओळखले नाही.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "घरात शेगडी पेटवता का? बंद खोलीत?"

"नाही."

"गिझर? जनरेटर?"

"नाही. मी सुशिक्षित बाई आहे."

"गाडीतून आलात?"

"आमची गाडी या शहरातली सर्वांत शांत गाडी असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग परिचारिकेला चिंगीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा घट्ट बसवायला सांगितले आणि रक्त काढून नेले. थोड्या वेळाने माझेही काढले. परत आले तेव्हा म्हणाले, "आजी, दोघींच्याही रक्तात धुरातला विषारी वायू आहे. तुमच्यात कमी, तिच्यात पुष्कळ. गाडीचा धूर आत येतोय."

मी म्हणाले की सायलेन्सर नवा आहे.

"असेल," ते म्हणाले.

बाळाचे ठोके चालू आहेत. ते यंत्रातून मला ऐकवले. आयुष्यात मी इतके आवाज मोजले. हा मला मोजता आला नाही. "पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त धरतो आणि उशिरा सोडतो," डॉक्टर म्हणाले. "आज ठोके चांगले आहेत. पुढचं आज सांगता येत नाही."

३ फेब्रुवारी

मुकादमाच्या माणसांनी पिकअप रुग्णालयाच्या आवारात आणून ठेवली आहे, ट्रेलरसकट. सकाळी मी गाडीकडे गेले. माझा अजून विश्वास नव्हता. इंजिन सुरू केले आणि बाहेर येऊन चिंगीच्या डोक्यामागच्या उघड्या काचेच्या फटीसमोर हातरुमाल धरला. रुमाल आत ओढला गेला. पुन्हा धरला, पुन्हा आत. काचेच्या रबरी कडेवर बोट फिरवले तर काजळी. केबिनच्या तळाशी, जिथे आसनाचा बोल्ट गंजून गळून पडला आहे, तिथेही काजळीचे वर्तुळ. ट्रेलरची सपाट भिंत मागची हवा अडवून धरते. धूर गाडीखालीच घुटमळतो, आणि मी त्याला आत यायला काच उघडून दिली होती. वास येतो म्हटल्यावर आणखी उघडली होती.

मी आत, मागच्या आसनावर तिच्या जागी आडवी झाले आणि कान लावला. काहीही ऐकू आले नाही. काम निर्दोष झाले होते.

जावई आवारात आले, हात घालून किल्ली काढली आणि इंजिन बंद केले. मी उठून बसेपर्यंत थांबले. आज त्यांनी विनोद केला नाही.

"पाइप मधेच काढायचं कोणी ठरवलं?"

"मी."

"तिने वास येतो सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मी बोटावरची काजळी रुमालाला पुसली. ते म्हणाले, "आई, ती आता बोलतेय. मला ओळखलं. पहाटे बाळ एकदा हललं म्हणाली." आणि मग, जमिनीकडे पाहून, "तुम्हाला आत्ता भेटायचं नाही म्हणतेय. मी काही सांगितलेलं नाही तिला, देवाशप्पथ. तिचं तिनंच."

किल्ली त्यांनी खिशात ठेवली. मी परत मागितली नाही.

५ फेब्रुवारी

भोंगा रुग्णालयाच्या दारापर्यंत आला होता. प्रथमच हळू बोलला. म्हणाला, "मॅडम, मीच मागपर्यंत नेतो म्हणायला हवं होतं." मी त्याला सांगितले की रेघा माझ्या होत्या. पाइप पूर्ववत मागपर्यंत, ट्रेलरच्या बाजूने बाहेर काढा, पट्ट्या काढून टाकून सगळे सांधे वेल्ड करा, आणि आवाज कितीही झाला तरी मला विचारू नका, असे सांगून त्याला पाठवले. गाडी पुन्हा घुमेल. घुमू दे.

चिंगीला आठवडाभर इथेच ठेवणार आहेत. डॉक्टर रोज तेच सांगतात: ठोके चांगले, बाकी बाळ आल्यावर. मी म्हटले, मला हे लिहून द्या. ते म्हणाले, "आजी, असलं लेखी कोण देणार?" खरे आहे. मी तरी त्यांच्या जागी दिले नसते.

माझी डोकेदुखी गेली. भीती गेलेली नाही. वायूबरोबर ती ओसरेल असे मला वाटले होते. आता ती पूर्वीसारखी धूसर नाही. तिला चेहरा आहे, आणि तो माझ्याकडे पाहत नाही.

६ फेब्रुवारी

हा मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून आज परिचारिकेच्या हाती आत पाठवते आहे.

चिंगी,

वस्तुस्थिती, क्रमाने. वास येतो असे तू मला सांगितलेस, एकदा नव्हे. मागे कोंडल्यासारखे होते, पुढे बसू का, असे विचारलेस. बाळ गाडीत गप्प असते, हेही तूच सांगितलेस. माझे कान उत्तम आहेत. मी ते दरवर्षी तपासून घेते. यांतला एकही शब्द मला ऐकू आला नाही, असे मी म्हणू शकत नाही.

माफीचा मसुदा मी तीनदा केला. तिन्ही वेळा त्यात कारणे शिरली, आणि कारणे सगळी बरोबर होती, म्हणून तो फाडून टाकला.

प्रश्न एकच आहे. मी तुला भेटायला आत येऊ का? दाराशी उभी राहीन, बोलणार नाही. हो किंवा नाही, एवढेच पुरे.

निरोप नको. फोन नको. जावयांच्या तोंडूनही नको. तोंडी सांगितलेल्याचे मी काय करते, ते तू पाहिले आहेस. उत्तर लेखी दे.

आई